दसऱ्याचा शाफ्ट

कडोदऱ्याच्या कारखान्यात माझं काम पोलादाला झोडपायचं. बंद पेटीत बारीक पोलादी छरे वेगानं आदळतात, त्या मारानं मालाची वरची कातडी दबून घट्ट होते आणि तडा लवकर जात नाही. रूप मात्र जातं. देवीचे वण उठल्यासारखं दिसतं.

मागं एकदा दाजींच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, शाफ्ट चालता चालता तुटला. तुकडा त्यांच्या कानाजवळून जाऊन पत्र्यात घुसला. तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. नवा शाफ्ट मी स्वतः झोडपून दिला. दसऱ्याला पुजायचा, दुसऱ्या दिवशी बसवायचा, असं ठरलं.

दसऱ्याला गोडादऱ्याला बहिणीकडं गेलो. पाटावर पूजेला मांडलेल्या पाने-पकडींच्या मधोमध शाफ्ट, आरशासारखा चकचकीत, वर हळद-कुंकवाची बोटं. माझ्या हातातला फाफडा तसाच राहिला.

"हे कोणी केलं?"

"यासनी ग्राइंडरवर धरा, मंग मी पॉलिश पेपरघाई घासा," उज्ज्वलाताई दाजींकडं बोट करून म्हणाली. "शेजारना लोके हासेत, तुन्हा भाऊनी शाफ्टले देवीना वन पाडात म्हने."

"सोनामायक दिसस ना, योगराज?" दगादाजी खुशीत होते.

राग तरी कुणावर काढणार? माझ्या नावासाठी बोटं सोलून घेतली होती बाईनं. पाणी प्यायलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. गप्प बसावं, तर उद्या दाजी त्याच शाफ्टशेजारी उभे राहणार.

"ताई, सगळा जोर त्या वणांतच होता. तो घासून गेला. हा पुन्हा तुटेल."

तिचा चेहरा उतरला.

"मंग परत मार," दाजी म्हणाले.

"मारतो, आत्ताच नेतो. पण पेटीत घालायचा तर साफ लागतो. हळद-कुंकू पुसावं लागेल."

दाजी पाटापासून मागं सरकले. सणाच्या दिवशी, सवाशिणीनं लावलेलं कुंकू! मी हात पुढं केला आणि घाबरून मागं घेतला. मला ते जमेना.

ताईनं स्वतःच्या कपाळाला बोट लावून पाहिलं. मग पदराचं टोक ओलं करून शाफ्ट मांडीवर घेतला आणि पार शेवटपर्यंत पुसून काढला. पदर लाल झाला. शाफ्ट माझ्या हातात दिला.

"आते वन पाड," ती म्हणाली. "दाट पाड."