राधाबाईंचा दिवा आणि उघडी तार

“न्हाऊन घे रे दिव्या, उतरव काजळी,
माझ्या लेकरांच्या उशाशी राहा रात्रभर जवळी.”

मित्रांनो, हा राधाबाईंचा आवाज. तो विरून कैक वर्षं झाली, पण आषाढ सरत आला की माझ्या पितळेत अजून घुमतो. आणि मला भीती वाटू लागते.

मी एक जुना, साखळीला टांगलेला पितळी दिवा आहे. जन्म माझा तेलाचा. तरुणपण गेलं झाशी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. इंजिनाची शिट्टी झाली की माझी ज्योत दचकायची आणि प्रवासी माझ्या उजेडात आपापली बोचकी चाचपायचे. पुढे स्टेशनात वीज आली, आम्ही अडगळीत गेलो. तिथून राधाबाईंच्या यजमानांनी मला लक्ष्मी गेटजवळच्या आपल्या घरी आणलं.

दीप अमावास्येला राधाबाई मला खाली उतरवायच्या. उत्तरेत श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून शेजारीण हसायची, “बाईजी, हमाए इतै तो सावन लग गओ!” “लागू दे. आमच्या घरात अजून आषाढच आहे,” म्हणत त्या मला चिंचेनं घासायच्या, न्हाऊ घालायच्या, हळदकुंकू लावायच्या. पाण्याचं भय मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

त्या गेल्या. मग घरात वीज आली. त्यांचा मुलगा मधुसूदन रेल्वेच्या कचेरीत कारकून. “आईचा दिवा मीच जोडणार,” म्हणाला. माझ्या नळीतून त्यानं कापडात गुंडाळलेली तार ओवली, बल्ब लावला, आणि मी पेटलो! सगळी आळी बघायला आली. कौतुकाच्या त्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही की माझं अंग जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार लावलेलीच नाही.

साखळीची लाकडी मूठ ओढून मला खालीवर करत. दर वेळी तार नळीच्या धारदार काठावर घासायची. एका पावसाळ्यात कापड फाटलं आणि उघडं तांबं माझ्या अंगाला टेकलं, करंट माझ्या पितळेत उतरला. काय सांगू, मित्रांनो! दिसायला मी दिवाच होतो. आतून नाग झालो होतो. आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

गेल्या दीप अमावास्येला मधुसूदनची बायको प्रेमला मला ओल्या फडक्यानं पुसायला आली. बोट लागलं मात्र, ती मागे फेकली गेली. मी थिजलो. आता ओरडेल, कुणाला तरी बोलावेल असं वाटलं. पण ती राधाबाईंच्या तसबिरीसमोर गेली, कान धरले आणि गप्प राहिली. वर्षभर ती मला वळसा घालून जायची.

यंदा पुन्हा तोच दिवस आला. फरशी धुतलेली, ओली. छोटी जानकी अनवाणी धावत आली, हातात निथळतं फडकं.

“आई, इस बार मैं! या वेळी दिवा मी पुसणार!”

“नको गं. समया पूस तू.”

“समया तर रोजच्या आहेत. मला आजीचा दिवा पाहिजे.”

मधुसूदननं लाकडी मूठ ओढून मला खाली आणलं. भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा बंद केलं. इतकी खातरजमा तो पूर्वी करत नसे. “पुसू दे की,” तो म्हणाला. “दिव्याशी काय भाऊबंदकी आहे तुझी? बटण बंद आहे.”

पण मित्रांनो, बटण त्यानं करंट आणणाऱ्या तारेऐवजी परतीच्या तारेवर बसवलं होतं! बल्ब विझला तरी माझ्या अंगातला नाग जागाच होता. जानकीचा हात वर आला. फडक्याचा थेंब माझ्या काठापासून वीतभर दूर होता. राधाबाई, मी काय करू?

“जानकी, हात मागे!” प्रेमला किंचाळली. तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं. “अहो, बटण बंद होतं तेव्हाही मला झटका बसला होता. गेल्या वर्षी. मला वाटलं, सासूबाईंना माझा हात नकोय. म्हणून बोलले नाही.”

मधुसूदन धावला. त्यानं आधी घराचा मेन स्विच पाडला, मग पलीकडच्या गल्लीतल्या जयसिंग वायरमनला बोलावून आणलं.

“बाबूजी, करंट पानी घाईं है,” जयसिंग मला उघडत म्हणाला. “रस्ता नईं देहौ, तो आदमी में सें जैहै.” म्हणजे, करंट पाण्यासारखा; वाट दिली नाही, तर माणसातून जाईल. त्यानं जुनी तार काढली, नवी ओवली, नळीचा काठ घासून तिथं रबर बसवलं, बटण योग्य तारेवर घेतलं. मग माझ्या अंगाला अर्थिंगची तार जोडून ती परसात, कोळसा-मीठ घालून पुरलेल्या पत्र्यापर्यंत नेली. आता तार पुन्हा निसटली, तर करंट जमिनीत जाईल, फ्यूज उडेल, अंधार होईल. माणूस मात्र वाचेल.

मित्रांनो, घरातल्या जुन्या दिव्यांवर माया करा, पण त्यांच्या तारा जाणकाराकडून तपासून घ्या. मेन बंद केल्याशिवाय, ओल्या हातानं, अनवाणी त्यांना शिवू नका. आणि झिणझिणी आली तर देवावर ढकलू नका; त्याच क्षणी घरात सांगा. आम्हांला बोलता येत नाही. तुम्हांला येतं.

जयसिंगनं मेन चालू केला, टेस्टर लावून पाहिला, मान डोलावली. जानकी पुन्हा पुढे झाली, या वेळी कोरडं फडकं घेऊन.

“थांब बेटा. आधी मी,” मधुसूदन म्हणाला.

त्यानं तळवा माझ्या पितळेवर ठेवला. मी शांत होतो. मग प्रेमलाकडे न बघताच तो म्हणाला, “बटण बंद न करता बल्ब बदलला, तेव्हा मलाही बसला होता झटका. तुझ्याही आधी. जोडणी माझ्या हातची होती ना... म्हणून बोललो नाही.”