अंकल वेंगनी बांधलेली बॅटरी

बातू गाजा गावाबाहेर जुन्या कथिलाच्या खाणीत पाणी साचून तळं झालंय. तळ्याच्या अलीकडच्या पांढऱ्या वाळूवर कसंबसं गवत उगवलंय. दर रविवारी सकाळी तिथे सहा-सात मोठी माणसं खेळण्यातली हेलिकॉप्टरं उडवायला जमतात. 'खेळण्यातली' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. साडेचार किलोचं यंत्र, हातभर लांब पाती, फिरताना लागलं तर मान जाग्यावर राहणार नाही, हे ते लगेच ऐकवतात, आणि वर फुशारकीनं ऐकवतात.

अंकल वेंग त्यांच्यातले सगळ्यांत जुने. इपोह शहरात चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय फरफटत का होईना चालू लागला, पण उजवा हात नुसता दिसायला परत आला. अंगठा तर सरकारी कारकुनासारखा, सांगितलेलं काम आज करील की उद्या, नेम नाही. अशा अंगठ्यानं रिमोटची दांडी सांभाळता येत नाही, म्हणून उडवणं बंद झालं.

मग रोसदीनं त्यांना बॅटरी बांधायचं काम दिलं. रोसदी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून मैदानावर सगळे त्याला चिकगू म्हणत, म्हणजे गुरुजी. "अंकल, उडवणं मला जमतं, पण बांधणं तुमच्यासारखं कुणाला जमतं?" असं तो म्हणाला होता. शहाण्या माणसालाही गोड बोलणं लगेच खरं वाटतं. अंकल वेंग त्या दिवसापासून रविवारची वाट बघू लागले. शनिवारी रात्री टोपी धुऊन वाळत टाकायचे.

बांधायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. विटेएवढी बॅटरी हेलिकॉप्टरच्या नाकाखालच्या फळीवर सरकवायची, वेल्क्रोचे दोन पट्टे त्यावरून घेऊन करकचून ओढायचे. ही हेलिकॉप्टरं हवेत उलटी होतात, कोलांट्या घेतात. बॅटरी सुटली तर पंखाही गेला आणि रिमोटचं ऐकणारा कानही गेला, सगळं तिच्यावरच चालतं. म्हणून बांधून झालं की नुसती बॅटरी धरून अख्खं यंत्र उचलायचं आणि झटकायचं. बॅटरी हलली नाही तर बांधणाऱ्यानं "बांधली" म्हणायचं.

एकदा "बांधली" म्हटलं की दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. पूर्वी दोन भावांनी, एकानं दुसऱ्यावर विसंबून, पट्टा ढिला ठेवला होता आणि ती बॅटरी अरसूच्या गाडीची काच फोडून आत जाऊन बसली होती. अरसू गॅरेजवाला. ती गोष्ट तो अजून सांगतो, आणि दर वर्षी काच थोडी महाग होते. तेव्हापासून ठरलं, जो बांधील तोच उचलून बघील, आणि यंत्र पडलंच तर तुकडे गोळा करायलाही तोच जाईल. दोन हात लागले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

त्या रविवारी पहिली बॅटरी बांधून, "बांधली" म्हणून अंकल वेंग नेहमीप्रमाणे झाडाखाली कॉफी ओतायला गेले. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं, चष्मा यंत्रापाशीच राहिला. ते वळले.

रोसदी त्यांच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. चर्र असा आवाज आला. वेल्क्रोचा आवाज दुसऱ्या कशासारखा नसतो. त्यानं पुढचा पट्टा सोडला, ओढला, दाबला, मग मागचा. सरावाचा हात होता, दहा सेकंदांत काम झालं. मग त्यानं यंत्र उचललं, झटकलं, खाली ठेवलं आणि गुडघे झटकून उभा राहिला.

अंकल वेंग चष्मा न घेताच झाडाखाली गेले. चारचौघांत लुंगी सुटावी तशी त्यांना लाज वाटली. म्हणजे आठ महिने हा हेच करत होता. आपण कॉफी ओतायचो, आणि हा आपल्यामागे आपलं काम निस्तरायचा. अंगणवाडीतल्या पोरानं केर काढावा, बाईंनी कौतुक करावं आणि मग स्वतः झाडून घ्यावं, तसं. त्यांनी कॉफी ओतली तर अर्धी पेल्याबाहेर गेली.

हेलिकॉप्टर उतरलं. रोसदी हसत आला. "काय बांधलीत अंकल, केसभर हलली नाही."

"हो का?" अंकल वेंग म्हणाले. "मग दुसरीही बांधतो."

त्यांनी दुसरी बॅटरी सरकवली. डाव्या हातानं पट्टा धरला, उजव्यानं कडीतून ओढला. बोटं पट्ट्याभोवती वळली, पण घट्ट आवळली की नुसती टेकली, ते त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी दात ओठ खाल्ले, पुन्हा ओढला. कपाळावरचा घाम नाकावर आला. मग बॅटरीला दोन्ही हात घालून यंत्र उचललं. वीतभर उचललं गेलं. झटकायला मनगटात जोर उरला नव्हता. त्यांनी थोडं डोलवल्यासारखं केलं आणि ठेवलं. बॅटरी हलली का? उजवा हात सांगेना. डावा हात म्हणाला, कदाचित. चाळीस वर्षं बोटाच्या टोकानं सुईचा दोष ओळखणाऱ्या माणसाला आपल्या हातात काय चाललंय ते कळू नये, यापरती लाचारी कोणती?

"बांधली," ते म्हणाले.

"कॉफी घ्या की अंकल," रोसदी म्हणाला. "गार होईल."

"नको. आज इथंच उभा राहतो."

रोसदीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पट्ट्यांकडे पाहिलं. त्याचा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आता दोघांनाही सगळं माहीत होतं. खरं तर रोसदीनं त्याच वेळी म्हणायला हवं होतं, अंकल, मी एकदा बघतो. चार वाईट क्षण गेले असते आणि संपलं असतं. पण माणूस भिडस्त असला की यंत्रापेक्षा शब्द जड होतात. त्यानं रिमोट गळ्यात अडकवला.

हेलिकॉप्टर वर गेलं. रोसदी ते सरळ उडवू लागला. एक फेरी, दुसरी फेरी, सगळं सपाट आणि सावकाश. बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणावं तसं चाललं होतं. उलटं नाही की कोलांटी नाही.

मागून अरसू ओरडला, "काय चिकगू, आज शाळेची बस चालवताय का?"

"वारा आहे रे," रोसदी म्हणाला.

गवताचं पातं हलत नव्हतं. अंकल वेंगची कानशिलं तापली. पट्टे कसणं परवडलं, पण हे असं जपून उडवणं म्हणजे सगळ्यांसमोर सांगणंच झालं.

"उलटं घे," ते म्हणाले.

"अंकल, राहू द्या. ही बॅटरी जुनी आहे."

"बॅटरी गेल्या महिन्यातली आहे. मीच खोक्यातून काढली. उलटं घे."

"अंकल..."

"मी बांधली म्हटलंय ना?"

रोसदीनं उजवा अंगठा ढकलला. हेलिकॉप्टर पाठीवर झालं. क्षणभर तसंच राहिलं, पोट आभाळाकडे करून, आणि अंकल वेंगना वाटलं, टिकली. मग रोसदीनं ते झटक्यात पुन्हा सुलटं फिरवलं, आणि नाकाखालून काळी वीट निसटली.

आवाज थांबला. रोसदीचे अंगठे दांड्यांवर फिरत होते, इकडे, तिकडे, पण ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. अंकल वेंगनीही नकळत हात पुढे केला होता. दोन जाणती माणसं हात असून थोट्यासारखी बघत राहिली आणि यंत्र शेपटीवर आपटून मोडलं. बॅटरी त्याच्या बरीच अलीकडे गवतात पडली.

"माझी चूक," रोसदी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पट्टा मीच नीट ओढला नाही. मी बांधली होती." आणि तुकडे आणायला चालू लागला.

"बांधली मी होती," अंकल वेंग म्हणाले आणि पाय ओढत त्याच्यामागे निघाले.

अरसूनं धावत येऊन त्यांचा दंड धरला. तो तोंडाळ, पण मनाचा वाईट नव्हता. "बसा हो अंकल. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही बांधता तरी कुठं? दर खेपेला चिकगूच तर पुन्हा..."

अंकल वेंगनी मागे पाहिलं. झाडाखालचे बाकीचे चौघे एकाएकी आपापल्या यंत्रांचे स्क्रू तपासू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ आठ महिने उघडीच होती आणि सगळे मिळून ती झाकलेली आहे असं भासवत होते. त्यांना त्या चौघांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांचा चांगुलपणाही कळला. यातलं काहीच त्यांना नको होतं.

"सोड," ते अरसूला म्हणाले. "नियम तुझ्याच काचेवरून झालाय."

अरसूनं दंड सोडला. वाळूत पाय रुतत होता. बॅटरीपाशी पोहोचेपर्यंत त्यांना धाप लागली. तिचा एक कोपरा ठेचला होता आणि कातडं फुगायला लागलं होतं. अशी बॅटरी कधीही पेट घेते, म्हणून ती वाळल्या गवतात ठेवायची नसते, लगेच वाळूच्या बादलीत न्यायची असते. ते वाकले. बोटं बॅटरीभोवती वळली. त्यांनी उचलली, आणि बॅटरी निसटून परत पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली.

रोसदी मोडकं हेलिकॉप्टर दोन्ही हातांत घेऊन समोर येऊन उभा राहिला होता. त्यानं यंत्र खाली ठेवलं, पण हात पुढे केला नाही. त्याचे डोळे भरले होते. आता विचारल्याशिवाय तो कशालाही हात लावणार नव्हता, एवढं त्या सकाळनं त्याला शिकवलं होतं. अरसू वाळूची बादली घेऊन दहा पावलांवर थांबला होता. बॅटरी फुगतच होती.

अंकल वेंगनी तिसऱ्यांदा बोटं घातली. मग ती काढून घेतली.

"रोसदी," ते खाली बघतच म्हणाले, "तू उचल रे. माझ्याच्यानं होत नाही."