उतारावर मी थांबले

मी एक जुनी मोटार आहे. 'अरेरे' म्हणू नका, मित्रांनो. बावन्न वर्षं झाली, पण माझं इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देतं.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. रस्त्यांवर गर्दी नव्हती, त्यामुळे ते पुरत. माझे पहिले मालक, एक आजोबा, यांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्यांच्यानंतर त्यांची नात मला चालवू लागली. एकदा शाळेमागच्या उतारावर माझे ब्रेक तापून ढिले पडले आणि एका भाजीच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर मी कशीबशी थांबले. भाजीवाली पांढरीफटक पडली. मला फार लाज वाटली.

"बास झालं," नातीचा काका म्हणाला. "भंगारात दे, नाहीतर अंगणात ठेव शोभेला." मला झाकायला त्याने ताडपत्रीसुद्धा आणली. मी काय मेले होते?

"काका, ब्रेक बदलू," नात म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, "पुढे डिस्क ब्रेक टाकतो, चाकं ज्यांवर बसतात ते हबही नवे बसवतो. आरटीओच्या परवानगीच्या भानगडीत कशाला पडता? बाहेरून कुणाला दिसतंय?"

"चोरून काही नको, मिस्त्री. आधी परवानगी, मग पाना."

परवानगी आली. मिस्त्रीने जीव ओतून काम केलं, पण मापं घेतली ती मी जॅकवर लटकत असताना. खाली उतरवल्यावर चाकांवर माझा भार पडला आणि ती मडगार्डच्या बोटभर बाहेर आली. तपासणी अधिकाऱ्याने वाकून पाहिलं.

"ब्रेक उत्तम आहेत. पण चाक असं बाहेर चालणार नाही. आठ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर नोंदणी रद्द."

काकाने लगेच भंगारवाल्याला फोन लावला. मिस्त्री हातोडा घेऊन आला. "मडगार्ड ठोकून बाहेर काढतो, पाच मिनिटांचं काम!"

"तिच्या अंगाला हात लावायचा नाही," नात कडाडली. "चुकले ते हब. ते बदला."

मिस्त्रीने कान पकडले. या वेळी मला जमिनीवर उभं करून, आत माणसं बसवून मोजलं. वजनासाठी काकालाच बसवलं, आणि तो बसलाही, गाल फुगवून! मग योग्य मापाचे हब आले. सातव्या दिवशी फेरतपासणीत दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागले, चाकं मडगार्डच्या आत राहिली, आणि नवे ब्रेक माझ्या नोंदणीच्या कागदावर चढले.

परतताना तोच उतार लागला. भाजीवाली रस्ता ओलांडत होती. नातीशेजारी बसलेल्या काकाने जणू ब्रेकच असल्यासारखा आपला पाय खाली दाबला, डोळे मिटले. मी चांगली चार पावलं अलीकडेच थांबले, एका रेषेत. भाजीवालीने मान वर करूनही पाहिलं नाही. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

काकाने डोळे उघडले. "उद्या मला बाजारात सोडशील?" त्याने नातीला हळूच विचारलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचं तर तिला काम द्या, आणि तिची दुखणी वेळेवर, सरळ मार्गाने दुरुस्त करा. आणि हो, अंगणात एक कोरी ताडपत्री पडली आहे. हवी असेल त्याने खुशाल घेऊन जावी.