नऊ फुटांची नाव

सेनगावजवळच्या गोरेगावचा हरिचंद लाईनमनच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि घरामागच्या पत्र्याखाली नाव बांधायला बसला. मोबाइलवर कुणा परदेशी म्हाताऱ्याला अंगणात नाव बांधताना त्यानं पाहिलं, आणि मनानं घेतलंच. आजवर तो कधी नावेत बसलेला नव्हता. जाणारे-येणारे विचारायचे, "काहून हो, समुद्र येऊन राहिला का सेनगावपर्यंत?"

हसला नाही तो फक्त जळबा. जळबाचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो टेप आणि खडू घेऊन यायचा. फळीची गोलाई हरिचंदला काही केल्या जमत नव्हती. जळबानं वर्तमानपत्रावर माप उतरवलं, शर्टाच्या बगलेसारखं कापलं आणि फळीवर ठेवलं.

"कापड असो की लाकूड, वळण तेच," तो म्हणाला.

फळी अशी चपखल बसली की दोघं पोरांसारखे हसत सुटले.

होळीच्या आधी शेवटची फळी राहिली होती. ती एका जुन्या दाराची होती. जळबानं ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि विचारलं, "खिळे काढले ना समदे?"

"काढले," हरिचंद म्हणाला आणि कटर मशीन चालू केलं.

एक राहिला होता. पातं खिळ्यावर आदळून उसळलं. जळबाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. नांदेडला नेलं, पण डॉक्टरांनी जोडता येणार नाहीत म्हणून सांगितलं.

महिनाभरात दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. जळबाची बायको अनुसयाबाई हरिचंदला दारातच म्हणाली, "भाऊजी, तुमचा खेळ झाला. आमच्या घरातला हात गेला."

हरिचंद घरी आला तो कुऱ्हाड घेऊन नावेकडे गेला. मागोमाग जळबा येऊन उभा राहिला.

"हात लावू नको तिला."

"मला बघवत न्हाई रे ही."

"तुला बघवत न्हाई. अन् मी काय सांगू लोकायला, कशापायी गेली बोटं? पुरी कर."

मग तो रोज यायचा. उजवा हात उपरण्यात गुंडाळून स्टुलावर बसायचा. हरिचंद खाली मान घालून रंधा मारायचा.

पावसाळा संपल्यावर पिकअपमधून नाव गावाबाहेरच्या तलावावर नेली. दोघं बसले. नाव सरळ तरंगली. हरिचंदनं एक वल्हं जळबापुढं केलं. जळबानं ते डाव्या हातात घेतलं, उजव्यानं धरायला गेला आणि ते निसटून पाण्यात पडलं.

"राहू दे," जळबा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पाणी शिरलं का कुठं?"

"न्हाई. थेंबबी न्हाई."

"चांगली झाली मग. चल आता."

दुसऱ्या दिवसापासून जळबा यायचा बंद झाला. आठवडाभर वाट पाहून हरिचंद त्याच्या घरी गेला. दार लावलेलं होतं. त्यानं हाक मारली.

"घरी न्हाईत," अनुसयाबाईनं आतूनच सांगितलं.

त्याच वेळी आत जळबा खोकला. पुन्हा हाक मारायचं धाडस हरिचंदला झालं नाही. परतताना बाजारात कुणीतरी विचारलं, "नाव तरंगली म्हणे?" "तरंगली," तो चालता चालता म्हणाला.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. तो अजूनही दर आठवड्याला त्या दारापर्यंत जातो. दार उघडत नाही.