ताकदीची गोळी

पाकिटाची कड बोटाला टोचली—पातळ, कात्रीने कापलेली; अंगठ्याखाली गोळ्यांचे फुगवटे, काही भरलेले, काही दबलेले. झुंबरबाईंनी ते फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. जालन्याला अंधांच्या शिबिरात शिकवलं होतं तसं, न हलवता. सकाळपासून मीठ, हळद, केसांचं तेल ओळखून झालं होतं. वस्तू ओळखून सांगणारी फोनमधली बाई काहीही आनंदाने सांगत नसे की कंटाळून. तेच त्यांना आवडू लागलं होतं. आताही ती त्याच सुरात म्हणाली, "झोप येण्यासाठी दिली जाणारी गोळी."

पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

नवरा, धुळाजी, वारल्यानंतर काही दिवसांनी सुनेनं ही गोळी सुरू केली होती. जेवण झालं की शालू हातात पाणी द्यायची—"घ्या आत्याबाई, ताकदीची हाय." आणि त्या आवाजात... डोळे गेल्यापासून मी माणसं आवाजावरून तर ओळखते; रामेश्वर, माझा पोटचा पोरगा, खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतो, शेजारची चांगुणाबाई शेवटचा शब्द गिळते. शालूच्या आवाजात काहीच नव्हतं. मुलाच्या आवाजापेक्षा त्यावर भरवसा ठेवला होता.

राग आला. मला गुंगवून ठेवतात, बकरीला दाव्याला बांधावं तसं... पण त्या रागाला धरून बसल्या असतानाच दुसरंच काही आठवू लागलं. गोळी सुरू होण्याआधीच्या सकाळी. अंथरुणातून उठताना तळपायांना लागलेली ओली माती. दाराला आतून लावलेलं कुलूप—"चोऱ्या वाढल्यात," रामेश्वर म्हणाला होता, घसा खाकरून. शालूच्या मनगटाला बांधलेलं फडकं. हात लागताच ती मागे सरकली होती. "कढईनं भाजलं, आत्याबाई."

कढईनं.

संध्याकाळी चुलीपाशी शालू भाकरी थापत होती. झुंबरबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या. पाकीट मुठीत होतं.

"शालू, ही झोपेची गोळी हाय."

थापणं थांबलं.

"फोननं सांगितलं का?"

"हां. मंग मला सांग, मी रात्री काय करत व्हते?"

तव्यावरची भाकरी करपू लागली. शालूनं ती उलटली नाही. झुंबरबाई उभ्याच राहिल्या. दिवसभर त्या भांडायचे शब्द जुळवत होत्या. त्यातला एकही आता जागेवर नव्हता. सुनेचा श्वास ऐकू येत होता, बोलायच्या आधी घ्यावा तसा—आणि तिनं बोलू नये, बिलकुल बोलू नये, असं त्यांना वाटत होतं.