पंच्याऐंशी मिनिटं

खुर्चीच्या हौसेपायी आर्लिस बाकेनने स्टिअरिंग सोडलं, असं गावात म्हणत. म्हणोत बापडे. सव्वीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली होती, आणि मंडळाच्या पगारावरच्या माणसाला शाळा मंडळावर बसता येत नाही, असा नियम आहे. तेव्हा ऑगस्टमध्ये तिने बसच्या किल्ल्या खुंटीला टांगल्या, उमेदवारीचा अर्ज भरला आणि घरी येऊन रात्रीच्या जेवणाचं, बटाटे-खिम्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये सरकवलं.

"आणि पडलीस तर?" नवऱ्याने पेपराआडून विचारलं.

"पडले तर दिवसभर तुझ्यासमोर बसून राहीन."

"मग मी जातो घरोघर मतं मागायला," तो म्हणाला.

तिला हवी होती एकच गोष्ट. उत्तरेकडच्या शेतवस्तीला पूर्वी दोन बस होत्या. चार वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर निवृत्त झाला, दुसरा मिळेना, म्हणून दोन्ही फेऱ्या तात्पुरत्या जोडल्या. तात्पुरती केलेली गोष्ट आमच्याकडे फार टिकते. जोडलेली फेरी शेवटपर्यंत आर्लिसच चालवत होती. पहिलं मूल सहा पंचवीसला चढायचं आणि शाळेच्या दारात उतरायचं सात पन्नासला. पंच्याऐंशी मिनिटं, तीही बहुतेक खडीच्या रस्त्यावर.

हे पहिलं मूल म्हणजे ओस्टबींची जूनी. वय वर्षं पाच, वडिलांची बीटाची शेती. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी जूनी बसमध्ये उठेचना. सगळी पोरं उतरली तरी खिडकीला नाक लावून बसून राहिली. आर्लिस मागे गेली आणि बघितलं तर सीट ओली. पोर रडत नव्हती, नुसती खाली बघत होती. आर्लिसने आपला कोट तिच्या कमरेला गुंडाळला, मागच्या दाराने शाळेच्या परिचारिकेकडे नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरच्या सीटखाली एका पिशवीत लहान मापाच्या दोन विजारी ठेवल्या. त्या विजारींसाठीच ती निवडणुकीला उभी राहिली. पण हे ती कुणालाच सांगू शकत नव्हती. गाव एवढंसं. बसमधली ओली सीट म्हटलं की ती कुणाच्या पोरीची हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

गावच्या साप्ताहिकाने चारही उमेदवारांकडे छापील फॉर्म पाठवला. 'शाळा सुधारण्यासाठी तुमची तीन उद्दिष्टं लिहा.' बाकीच्यांनी ओळी अपुऱ्या पडल्या म्हणून समासातही लिहिलं. आर्लिसने पहिल्या ओळीत लिहिलं, 'उत्तरेला दुसरी बस,' आणि फॉर्म पाकिटात घातला.

"अगं, आणखी दोन लिही की काहीतरी," शेजारीण म्हणाली. "वाचन लिही. वाचनाला कोण नाही म्हणतंय?"

"वाचनाचं मला काय कळतं?"

"त्या बाकीच्यांना तरी काय कळतंय?"

साप्ताहिकाने दोन रिकाम्या ओळी तशाच छापल्या. लोक हसले. पण निवडायचे होते तीन, आणि मतं मोजली तेव्हा तिसरी आली आर्लिस. ज्याने अकरा उद्दिष्टं लिहिली होती तो घरी बसला.

जानेवारीतली पहिली बैठक शाळेच्या वाचनालयात होती. टेबलं मोठ्यांची, खुर्च्या पोरांच्या, त्यामुळे सातही सभासद गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मधोमध अध्यक्ष व्हर्लिन हाउगन. खताच्या दुकानाचा मालक, सहासष्ट वर्षांचा, बारा वर्षं त्याच खुर्चीत. माणूस वाईट नव्हता. सगळं गोडीगुलाबीने व्हावं आणि नऊच्या आत घरी जावं, एवढंच त्याचं म्हणणं. डाव्या हाताला चिटणीस लव्हॉन, तीस वर्षं इतिवृत्त लिहिणारी. तिला बोलायचा अधिकार नव्हता, आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. कडेला लिंबाच्या वड्यांचं ताट. सगळ्यांना हव्या होत्या आणि अजून कुणी हात लावला नव्हता.

आर्लिसने आठवडाभर कागद वाचून काढले होते. सुरुवातीलाच एक यादी होती. ज्यावर कुणाचा वाद नाही अशी कामं या यादीत घालतात आणि एका मतात सगळी मंजूर करून टाकतात. एखादं काम बाहेर काढून त्यावर बोलायचं असेल तर मतदानाआधीच सांगावं लागतं. यादीत सातवं होतं, 'बस फेऱ्या पुढच्या वर्षी आहेत तशाच.' आर्लिसने त्याच्याभोवती पेन्सिलने दोनदा गोल काढला होता. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. 'सातवं बाहेर काढा.' आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

व्हर्लिनने घसा खाकरला. "तर पहिली यादी. आता आपली एक जुनी रीत आहे. नव्या सभासदाचं पहिलं अनुमोदन. ठराव मी मांडतो. आर्लिस, हा मान तुझा."

सगळे तिच्याकडे बघून हसले. मनापासून हसले, हीच पंचाईत. साप्ताहिकाची फोटोवाली पुढे सरकून गुडघ्यावर बसली. आर्लिसचं बोट सातव्या कामावर होतं. तिच्या आईने तिला लहानपणी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिल्यांदा विचारलं तर नको म्हणायचं, आणि कुणी मान दिला तर मुकाट्याने घ्यायचा. यादीवर नंतर चर्चा होईलच, असं तिने स्वतःला सांगितलं. होत नसते, हे तिने स्वतःच वाचलं होतं.

"अनुमोदन," ती म्हणाली आणि हात वर केला. फोटो निघाला.

"अनुकूल?" सात हात वर गेले, त्यात तिचाही. "मंजूर. आता जिमखान्याचं छप्पर..."

"व्हर्लिन, सातव्या कामाचं काय?"

"कसलं सातवं?"

"बसचं."

"अगं, ते झालं की आत्ता. तूच तर अनुमोदन दिलंस."

कुणी मोठ्याने हसलं नाही. आमच्याकडे तसं हसत नाहीत. कागद खाली-वर करतात. आर्लिसच्या कानशिलांना आग लागली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. सव्वीस वर्षांची नोकरी सोडून, दारोदार फिरून, पहिल्याच बैठकीत पहिल्याच पाच मिनिटांत तिने जूनीची पंच्याऐंशी मिनिटं आणखी एका वर्षासाठी पक्की करून दिली होती. स्वतःच्या हाताने, वर फोटो काढून. तिला स्वतःचा इतका राग आला की छपराबद्दल कोण काय बोललं ते तिला काही कळलं नाही.

मधल्या सुट्टीत ती कॉफीच्या किटलीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लव्हॉन शेजारी आली आणि कपात साखर घालत राहिली.

"माझा नवरा म्हणायचा, ज्याने गाडी खड्ड्यात घातली त्यालाच ती कुठे रुतलीय ते ठाऊक असतं," लव्हॉन म्हणाली.

"टोमणे मार. मार, मला लागू दे."

"टोमणा नाही गं. ठराव मंजूर झाला की विरोधात मत देणाऱ्याला तो परत उघडता येत नाही. बाजूने दिलेल्यालाच येतो. त्याच बैठकीत, उठायच्या आत." तिने चमचा खाली ठेवला. "मी काही बोलले नाही. मला बोलायचा अधिकार नाही."

आर्लिस जागेवर येऊन बसली. व्हर्लिन घड्याळ बघत शेवटच्या कामाशी आला होता. आता परत तोंड उघडायचं म्हणजे सगळ्यांचा खोळंबा करायचा, अध्यक्षाचा शब्द मोडायचा आणि आपण मूर्खपणा केला हे चारचौघांत कबूल करायचं. यातली एक गोष्ट करण्यापेक्षाही आमची माणसं बर्फात उघडी झोपतील. तिने हात वर केला.

"मी चुकले. सातवं काम बाहेर काढायचं होतं आणि मला धीर झाला नाही. पहिल्या यादीचा फेरविचार करावा असा ठराव मांडते."

व्हर्लिनने लव्हॉनकडे बघितलं. लव्हॉन मान खाली घालून लिहीत होती.

"अनुमोदन आहे का कुणाचं?" त्याने विचारलं, नसावं अशा सुरात.

नव्हतं. रेडिएटर टकटकत होता. समोरच्या सभासदांत कोरी डाल बसला होता. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा बाप, आर्लिसच्या बसमधून बारा वर्षं गेलेला. सहावीत त्याने धावत्या बसमध्ये संत्रं फेकलं म्हणून तिने त्याला वर्षभर आपल्या मागच्या सीटवर बसवलं होतं.

"आर्लिसबाई," कोरी म्हणाला, "वर्षभर मला तुमची मान बघत बसवलंत."

"संत्रं माझ्या कानाला लागलं होतं, कोरी."

"हं. अनुमोदन."

चार विरुद्ध तीन. व्हर्लिनने सातवं काम बाजूला काढलं आणि फेब्रुवारीवर ढकललं. चेहरा पडला होता त्याचा. उठताना म्हणाला, "आर्लिस, तुझं म्हणणं तरी काय आहे? बस गरम असते, सुरक्षित असते. पोरं बसून तर असतात."

"मग एकदा पहिल्या थांब्यापासून बसून ये."

"येईन की," तो म्हणाला. दोनदा विचारायला न लावता हो म्हणाला, म्हणजे चांगलाच चिडला होता.

शब्दाला मात्र पक्का. पुढच्या मंगळवारी सहा वाजता, शून्याखाली अठरात, त्याची गाडी ओस्टबींच्या अंगणात उभी राहिली. आर्लिस आधीच स्वयंपाकघरात होती. जूनीच्या आईने कॉफी विचारली. व्हर्लिनने रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली आणि वर आणखी एक कप घेतला. आर्लिसने तिसऱ्यांदाही नको म्हटलं. ओस्टबीबाईला ते जरा लागलं.

बस आली. जूनी खिडकीशी बसली, व्हर्लिन तिच्या शेजारी, आर्लिस पलीकडच्या रांगेत. बाहेर अजून अंधार. पहिली वीस मिनिटं व्हर्लिन बरंच बोलला. बसची हवा कशी उबदार आहे, नवा ड्रायव्हर कसा सावकाश चालवतो. पस्तीस मिनिटांनी तो गप्प झाला. खडीच्या रस्त्यावर बस दाणदाण आपटत होती. पन्नासाव्या मिनिटाला त्याने एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग काढला, मग परत टाकला. आर्लिस त्याच्याकडे बघत नव्हती. सव्वीस वर्षं आरशात बघून कुठल्या सीटवर काय चाललंय ते तिला न बघता कळायचं.

शेवटी तो उठला आणि दांड्या धरत धरत पुढे गेला.

"जरा दोन मिनिटं थांबवता का? त्या पुढच्या शेतघरापाशी."

"मधे थांबता येत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "नियम आहे. मंडळाचाच."

व्हर्लिन परत येऊन बसला. कपाळावर घाम होता त्याच्या. जूनीने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि त्याच्या कोटाची बाही ओढली.

"तुम्ही सकाळी काहीतरी प्यायलात," ती म्हणाली. "प्यायचं नसतं. मी दूधपण नाही पीत. रात्री पण नाही."

व्हर्लिनने आर्लिसकडे बघितलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, पिशवीतल्या विजारी कधी लागल्याच नाहीत, म्हणजे पोर मोठी झाली.

व्हर्लिनने मनगटावरचं घड्याळ बघितलं. अजून एकतीस मिनिटं होती.