साठ स्क्रीनचा पायगुण

या, जरा जवळ सरका. फोन पालथा ठेवा, गॅसवर दूध असेल तर बंद करून या. आज सांगायची आहे ती गोष्ट देवादिकांची नाही. शारजातल्या अल मजाजमधली, चौदाव्या मजल्यावरच्या एका मराठी घरातली आहे. तिच्यात एक आकाशयान आहे, साठ थिएटरं आहेत आणि एका सुनेची दोन पावलं आहेत. पांडुरंगाचं नाव घेऊ आणि सुरुवात करू.

रविवारची सकाळ होती. सुहासिनीबाई तव्यावर थालीपीठ लावत होत्या. मिसळणाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर कीर्तन चाललं होतं. बुवा आख्यानात रंगले होते आणि बाईंचा हात टाळाच्या ठेक्यावर हलत होता. खिडकीबाहेर खालिद लगून या खाडीचं पाणी उन्हात पांढरं पडलं होतं. हॉलमध्ये त्यांचे यजमान विजयकुमार, मुलगा सुजीत आणि धंद्यातले भागीदार हारुनभाई बसले होते. आपल्याकडचे सिनेमे आखातातल्या थिएटरांत लावायचे, हा त्यांचा सहा वर्षांचा धंदा. ऑफिस दुबईच्या करामा भागात, पण मोठे निर्णय या घरातल्या सोफ्यावर व्हायचे.

आजचा निर्णय मोठाच होता. 'निर्वात' नावाचा हिंदी विज्ञानपट येणार होता. अंतराळात हरवलेलं यान, यंत्रमानव, दोन सूर्यांचा ग्रह, सगळं त्यात होतं. तो किती स्क्रीनवर लावायचा, ते आज निर्मात्याला कळवायचं होतं.

"साठ," विजयकुमार म्हणाले. "एकही कमी नाही. ट्रेलर चार कोटी लोकांनी बघितलाय, चार कोटी!"

"बाबा, मी तेच सांगतेय," लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली शुभ्रा म्हणाली. शुभ्रा ही सुजीतची बायको. पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, लग्नाला आठ महिने झालेले. "लोक ट्रेलर बघतायत, पण तिकीट काढत नाहीयेत. मोजक्या थिएटरांत बुकिंग उघडून चार दिवस झाले. शनिवार-रविवारचे दोन शो सोडले तर खुर्च्या रिकाम्या आहेत. त्यात मुलांच्या परीक्षा, आणि सिनेमा तीन तासांचा. माझ्या हिशोबाने साठ ठिकाणी लावला तर शंभरातल्या तीस खुर्च्या भरतील. वीसच स्क्रीन घ्या, त्या नीट चालतील."

"बेटी की बात में दम है, विजयभाई," हारुनभाई चहावर फुंकर घालत म्हणाले.

"अरे हारुन, आकडे तुझ्यामाझ्यासाठी. हिला आकड्यांची काय गरज? हिचा पायगुण आहे!" विजयकुमार खुशीत हसले. "शुभ्रा, तो लॅपटॉप मीट बरं. ये, हात लाव."

हे 'हात लाव' काय, ते सांगायला हवं. आठ महिन्यांपूर्वी शुभ्राने माप ओलांडलं, त्याच आठवड्यात यांचा एक साधा विनोदी सिनेमा लागला आणि पाच आठवडे हाउसफुल चालला. झालं! तेव्हापासून नवी गाडी आली की स्टिअरिंगला पहिला हात शुभ्राचा. नवा करार झाला की फाइलवर तिचा कुंकवाचा पंजा. पार्टीत कोणी भेटलं की विजयकुमार तिला पुढे करायचे, "लक्ष्मीच्या पावलांनी आलीय पोर." आणि लोक म्हणायचे, काय नशीबवान सून!

शुभ्रा उठली, पण सरळ स्वयंपाकघरात आली.

"आई, तुम्ही सांगा ना त्यांना. मी म्हणतेय वीस आणि पंजा साठावर उमटवायचा? उद्या पडला सिनेमा तर?"

"अगं, मान आहे तो तुझा." बाईंनी थालीपीठ उलटलं. "मी डोंबिवलीला नवी नवरी होते ना, पाचव्या दिवशी ह्यांच्या दुबईच्या नोकरीचं पत्र आलं. सासूबाईंनी माझे पाय धुतले होते, पाय! बत्तीस वर्षांत या घरातलं एकही शुभकार्य माझ्या हाताशिवाय झालं नाही. आता तो मान तुझ्याकडे आलाय. नाही म्हणू नये. जा."

शुभ्रा गेली. करड्या फाइलवर लाल पंजा उमटला. सुजीत बायकोकडे बघून ओशाळं हसला आणि म्हणाला, "यल्ला, चला, डन."

गुरुवारी 'निर्वात' लागला. शनिवारी दुपारी हारुनभाईंनी एका थिएटरातून फोटो पाठवला. लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा आणि मध्ये पॉपकॉर्न खाणारे दोघं. सोमवारपर्यंत थिएटरवाल्यांनी निम्मे शो काढून टाकले. मंगळवारी निर्मात्याने कळवलं, पुढचा सिनेमा दुसऱ्यांना देतोय. भरलेल्या खुर्च्या किती, तर शंभरात एकतीस.

तो जुना हिशोब काढला सुजीतने, आणि तोही तिची बाजू घ्यायला.

"बाबा, शुभ्राने सांगितलं होतं. तीस म्हणाली होती, एकतीस झाले. शी वॉज राइट."

विजयकुमारांनी मान वर केली. "म्हणजे हिच्या मनात होतंच!"

"मनात नाही बाबा, हिशोबात..."

"हात कुंकवात आणि मन नकारात! म्हणजे दृष्ट घरातूनच लागली म्हणायची."

बघा मंडळी, डॉक्टरांनी ताप आहे म्हटलं म्हणून ताप आला, असं कोणी म्हणत नाही. पण सुनेने खरं भाकीत केलं आणि तो शाप झाला. चुकली असती तर लक्ष्मी, बरोबर निघाली म्हणून अवदसा!

नाशिकच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लागला. त्यांनी पत्रिकाही न मागता तोडगा सांगितला. सूनबाईंनी माहेरी जावं. नवा सिनेमा लागून यश दिसलं की चांगला दिवस बघून पुन्हा माप ओलांडावं. शुभ्राचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता. विजयकुमार सुजीतला म्हणाले, "तो कॅन्सल करून टाक. मध्येच परत आली म्हणजे? नंतर नवा काढू की."

शुभ्राने सुजीतकडे पाहिलं. सुजीत फोनकडे पाहत होता.

"सुहास," विजयकुमार बायकोला म्हणाले, "तू समजाव हिला. तू आलीस आणि माझं नशीब उघडलं. तुझी पावलं बघ आणि हिची बघ!"

आता जगात बाईंना एकट्यांना एक गोष्ट ठाऊक होती. डोंबिवलीला आलेल्या त्या पत्राच्या पाकिटावर टपालाचा शिक्का होता आणि त्यावरची तारीख लग्नाच्या नऊ दिवस आधीची होती. नोकरी मिळाली तेव्हा बाईंचं पाऊल त्या घराच्या जिन्यालाही लागलं नव्हतं. तो शिक्का त्यांनी त्याच दिवशी वाचला होता. पाकीट ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि पुढे एकदा बंबात घातलं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. धुतलेल्या पावलांचा गारवा फार गोड लागला होता.

माझ्या पावलांत काही नव्हतं, हिच्याही पावलांत काही नाही. एवढंच बोलायचं होतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण ते बोलायचं म्हणजे बत्तीस वर्षांच्या पाटावरून खाली उतरायचं. बाई म्हणाल्या, "जाऊन ये बाळ थोडे दिवस. माहेरीच तर जायचंय."

गुरुवारी दुपारचं विमान. सुजीतला मीटिंग निघाली, म्हणून बाईच टॅक्सीने सोडायला गेल्या. सामानाच्या रांगेत उभ्या असताना त्यांना राहवेना.

"शुभ्रा, ते पत्र आमच्या लग्नाआधीच निघालं होतं गं. मला माहीत होतं."

शुभ्रा रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नुसती थकल्यासारखी दिसली. "आई, हे मला कशाला सांगताय? पायांत काही नसतं हे मला ठाऊकच होतं. सांगायचं होतं ते तिथे, सोफ्यावर."

मग ती नमस्काराला वाकली. बाईंनी झटकन पाय मागे घेतले. "नको," त्या म्हणाल्या. "या पायांना नको."

घरी येऊन त्यांनी चपलाही न काढता विजयकुमारांना सगळं सांगितलं. शिक्का, तारीख, बंब. विजयकुमार टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते. ऐकून हसले. "खलास झालं ते आता. पाकिटावरच्या तारखा घेऊन काय बसलीस? तुझा पायगुण होता म्हणजे होता." तेवढ्यात सुजीतच्या फोनवर संदेश वाजला. शुभ्राचा व्हिसा रद्द झाला होता.

दोन महिन्यांनी यांचा एक लहानसा सिनेमा बरा चालला. सुजीतने सगळ्यांसमोर स्पीकर लावून पुण्याला फोन केला.

"शुभ्रा, बाबा म्हणतायत ये आता. सिनेमा चाललाय, गुरुजींनी दिवस काढून दिलाय. इन्शाल्ला सगळं नीट होईल."

"चाललाय म्हणून बोलावताय ना? आणि पुढचा पडला की?"

सुजीतने बाबांकडे पाहिलं.

"मी नाही येणार, सुजीत. मला इथे नोकरी लागलीय. इथे मी तीस म्हटलं की तीसच लिहून घेतात."

फोन बंद झाला. "बघितलंस माज?" विजयकुमार बायकोकडे वळले.

"माज नाही हो," बाई म्हणाल्या. "याही वेळी तिचा हिशोब बरोबर आहे."

त्या दिवसापासून सुहासिनीबाईंनी कोणाच्या शुभकार्यात पहिला हात लावला नाही. बिल्डिंगमध्ये कोणी आग्रहाने बोलावलं, तर त्या म्हणतात, "माझ्या हाताला थालीपीठ येतं, बाकी काही येत नाही." लोकांना वाटतं विनोद आहे. बाई हसत नाहीत.

मंडळी, देवाने पाय दिले ते चालायला. ज्याच्या पायांवर डोकं ठेवावं तो विटेवर उभा आहे. त्याला सोडून माणसांच्या टाचांत नशीब शोधत बसतो आपण. नव्या सुनेला पांढऱ्या पायांची म्हणणारे आता थोडे उरले. आपण शिकलेले, आपल्या तोंडी ते येत नाही. आपल्या तोंडी येतं ते दुसरं, गोड. कधीतरी तुमच्याकडे सून येईल आणि त्याच आठवड्यात मुलाला बढती मिळेल. तुम्ही पेढा हातात घ्याल आणि कौतुकाने म्हणायला जाल, "पायगुण हो पायगुण!" त्या वेळी एवढं करा. तो शब्द ओठांवर थोपवा, आणि शारजाच्या विमानतळावर रांगेत उभी राहिलेली शुभ्रा आठवा.